मुक्तास, वेकोच्या पत्त्यावर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं प्रबंधाचं प्रकरण मिळालं. मोबाइलवर एवढं वाचणं माझ्या डोळ्यांना झेपत नाही, म्हणून बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घेतली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन सावकाश वाचली. त्यावरच लिहायला बसलोय. दवाखान्याबद्दल लिहिणार नाही. ते आम्हाला नंदूकडून कळलं, तुझ्याकडून नाही. पण आई तुझ्याशी बोलली आहे आणि मला तिने बजावलंय की आता तुम्ही परत उकरून काढू नका. तेव्हा नाही काढत.

आधी कौतुक. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हे नाव मी तुझ्यामुळे ऐकलं. कॉलेजात कधी एखादी कविता नेमलेली असेलही, पण पोस्टात लागलो आणि कवितेचा नि माझा संबंध संपला. तुझं वाचताना मात्र ही बाई ओळखीची वाटायला लागली. जन्म १८०६चा, बारा भावंडांत थोरली. भावाला शिकवायला मास्तर यायचे, त्यांच्यापुढे बसून हीसुद्धा ग्रीक शिकली. चौदाव्या वर्षी मॅरेथॉनच्या लढाईवर काव्य लिहिलं आणि वडिलांनी १८२० साली त्याच्या पन्नास प्रती छापून घेतल्या. हे तू एका वाक्यात उरकलंस. मी तिथेच अडकलो. पन्नास प्रती, खिळे जुळवून, पदरचे पैसे घालून! त्यांच्या त्या होप एंडच्या घराची ही राजकवी, असं तो लेकीला म्हणायचा. तुझी कविता साप्ताहिकात आली तेव्हा मी किती अंक उचलले होते ते आईला विचार. माळ्यावर आहेत अजून, वाळवीने ठेवले असतील तर.

आणि या माणसाला तू पुढे पानोपानी जुलमी म्हणतेस. बरोबरच आहे, पुरावे आहेत तुझ्याकडे. पोरांपैकी कोणी लग्न करायचं नाही; केलं तर तो मेला आम्हाला. एलिझाबेथला तोडलं, हेन्रिएटाला तोडलं, आल्फ्रेडला तोडलं. मी त्याची वकिली करत नाही. पण मुक्ता, काही गोष्टी तुझ्याच तळटीपांमध्ये आहेत आणि वर मजकुरात आल्या नाहीत, त्या मला दिसल्या. सांगतो.

त्याआधी एक. ते सिडरचं काय आहे? तुमच्या टेक्सासमध्ये, वेकोच्या बाजूला, हिवाळ्यात त्या झाडांचे परागकण हवेत उडतात आणि त्याने धडधाकट माणसंसुद्धा आजारी पडतात, सिडर फीवर म्हणतात त्याला, हे मी आत्ता वाचलं. तुला जाण्याआधी हे माहीत होतं का? माहीत होतं तर निदान मला सांगायचं होतंस. थंडीची तयारी करून दिली आम्ही तुला, स्वेटर, कानटोपी, मफलर. आणि निघालं काय, तर झाडं. असो.

विम्पोल स्ट्रीटच्या त्या ५० नंबरच्या घरातली खोली तू फार चांगली उभी केली आहेस. हिवाळ्यात वारा नको म्हणून खिडक्यांच्या फटी बंद. धूळ उडेल म्हणून झाडलोटही बंद. पलंगाखाली कोळ्यांची जाळी, जमिनीवर धुळीचा थर, आणि त्यात ही बाई सोफ्यावर पडून ग्रीक वाचतेय, कविता लिहितेय, अफूच्या अर्काचे थेंब घेतेय. पायाशी फ्लश कुत्रा. तू लिहिलंस की ही खोली म्हणजे वडिलांच्या सत्तेचं रूप. असेल. मी वाचताना म्हटलं, अरे, छातीच्या पेशंटला धुळीत ठेवलीय! डॉक्टर काय करत होते? मग लक्षात आलं की त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं. वाऱ्याने बाधतं एवढंच ठाऊक होतं. बेबीच्या वेळी आप्पांनीही खिडक्या बंदच ठेवल्या होत्या.

तुला मालवणचं क्वार्टर आठवतं का? खाली पोस्ट, वर आपण. जुलै लागला की पश्चिमेच्या भिंतीला हिरवट बुरशी यायची, आई दर रविवारी ती खरवडून काढायची आणि बुधवारपर्यंत परत. तुला रात्री दोनच्या सुमाराला लागायचं. आडवं पडवायचं नाही, म्हणून उठून बसायचीस, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत चढलेले. दर श्वासाला गळ्याच्या खाली इथे, हाडाच्या वर, खळगा पडायचा. बोलायची नाहीस. बोलायला श्वास खर्च करायचा नाही हे तुला पाचव्या वर्षी कळलं होतं. मी घड्याळ समोर ठेवून मिनिटाचे श्वास मोजायचो आणि आई वाफेचं पाणी. मग सिरप, मग डॉक्टरांचं दार. त्यांची सायकलवरून येणाऱ्या माणसांना शिव्या देणारी म्हातारी आई दार उघडायची, तुला बघून गप्प व्हायची. सकाळी तू पेज खाऊन शाळेत जायचीस आणि मी काउंटरवर बसून तिकिटं मोजताना चुकायचो.

हे मी का लिहितोय? त्या बॅरेटसाहेबाच्या घरी हे कित्येक वर्षं चाललेलं होतं म्हणून. पोरगी पंधराव्या वर्षी आजारी पडली ती पुरती बरी झालीच नाही. १८२८ साली बायको गेली. हवापालटाला पोरीला टॉर्कीला समुद्रकाठी ठेवली, तर १८४० साली आधी एक मुलगा जमैकात वारला आणि मग जुलैमध्ये थोरला एडवर्ड होडीतून फिरायला गेला तो बुडाला. प्रेत तीन आठवड्यांनी मिळालं. एडवर्डला बापाने परत बोलावलं होतं. एलिझाबेथने रडून त्याला आपल्यापाशी ठेवून घेतलं होतं. आता हे तुझ्या तळटीपेत आहे, तिनेच पुढे रॉबर्ट ब्राउनिंगला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, लिहिलेलं: तुझ्यामुळे गेला, असं वडिलांनी मला तेव्हाही म्हटलं नाही आणि त्यानंतरही कधी नाही. रोज रात्री तिच्या खोलीत येऊन, तिचा हात हातात धरून प्रार्थना करायचा तो. १८४४चा संग्रह, ज्याने ती गाजली, तो तिने त्यालाच अर्पण केलाय. हे वर मजकुरात आण. त्याने तुझा मुद्दा कमजोर होणार नाही, उलट भीती वाटेल वाचणाऱ्याला. मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते ते दात लागू न देता. या माणसाचे दात कधी लागायला लागले हे त्याचं त्याला कळलं नसणार.

१८४५च्या शरदात डॉक्टर म्हणाले, हिला हिवाळ्यात इटलीला न्या, इथे राहिली तर कठीण आहे. बापाने नाही म्हटलं. इथे मात्र माझीही बोलती बंद. लेकीच्या जिवापेक्षा ती नजरेसमोर असणं त्याला मोठं वाटलं. तू इथे ठळक अक्षरात लिहिलंस तरी चालेल.

मला तसं वाटत नाही हं. तू जावंस असं मलाच वाटत होतं. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला तुझ्याबरोबर मी आलो होतो, आई नाही. दवाखान्यात जावं लागलं म्हणून परत ये, असंही मी म्हणत नाहीये. म्हणतोय एवढंच की कळव. रात्री दोनला कळव. आमच्याकडे तेव्हा दुपार असते, आम्ही काही झोपलेले नसतो. आम्ही काय करणार आहोत इथे बसून, असं तू नंदूला म्हणालीस म्हणे. काही नाही करणार. पण आजारी माणसाने आपल्या माणसांना सांगायचं असतं, त्यात काळजी देणं-न देणं हा प्रश्नच येत नाही. शिकलेल्या माणसांना वाटतं की आपलं आपण निभावलं म्हणजे मोठं काम केलं. तुझ्या या बाईनेही तेच केलं. १२ सप्टेंबर १८४६ला मॅरिलेबोनच्या चर्चमध्ये गुपचूप लग्न केलं. जाताना वाटेत घेरी आली म्हणून औषधवाल्याच्या दुकानात थांबावं लागलं, बरोबर फक्त विल्सन, तिची मोलकरीण. आणि लग्न करून परत त्याच घरात, त्याच सोफ्यावर आठवडाभर! बहिणी बरोबर जेवतायत, बाप रात्री भेटतोय, आणि कोणाला पत्ता नाही. १९ तारखेला कुत्र्यासकट निघून गेली. तू याला धैर्य म्हणतेस. मी आपला त्या आठवड्याचा विचार करत बसलो.

पुन्हा भाषण झालं. माफ कर. आई म्हणते, रिटायर झाल्यापासून तुम्ही सूचनाफलक झालायत.

आता माझ्या खात्यातलं बोलतो, त्यात तरी तू मला शिकवू शकणार नाहीस. रॉबर्ट ब्राउनिंगचं पहिलं पत्र १० जानेवारी १८४५चं. तू तारीख दिलीस आणि पुढे गेलीस. अगं, १० जानेवारी १८४० हा पेनी पोस्ट सुरू झाल्याचा दिवस! बरोबर पाच वर्षं. त्याआधी टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे, तेही अंतरावर. गरीब माणूस पत्र हातात घेऊन उलटसुलट बघायचा आणि परत द्यायचा. रोलंड हिलने ते मोडलं. देशात कुठेही एक पेनी, आणि तीही पाठवणाऱ्याने. लंडनमध्ये दिवसातून कितीतरी वेळा बटवडा व्हायचा. म्हणून तो न्यू क्रॉसहून सकाळी लिहितो, ती विम्पोल स्ट्रीटवरून संध्याकाळी उत्तर देते, आणि वीस महिन्यांत पावणेसहाशेच्या आसपास पत्रं होतात. ज्या घरात पाहुण्याला बापाची नजर चुकवून यावं लागे, तिथे पोस्टमन राजरोस यायचा. तुझ्या प्रकरणात या सगळ्यात पोस्टमन कुठेच नाही. घाल त्याला. प्रेमकथेत आमचाही वाटा आहे. तो विम्पोल स्ट्रीटचा महोगनीचा दरवाजा, पत्र टाकायच्या पितळी फटीसकट, मॅसॅच्युसेट्सच्या वेल्स्ली कॉलेजात ठेवलाय असं तू म्हणालीस. कधी गेलीस तर त्या फटीचा फोटो पाठव. मला किती रुंद आहे ते बघायचंय.

आणि मग ती इटलीहून बापाला लिहीत राहिली. पिसाहून, फ्लॉरेन्सहून. मुलगा झाल्यावरही लिहिलं असणारच. पाच वर्षांनी, १८५१ साली, ती लंडनला आली तेव्हा रॉबर्टने सासऱ्याला पत्र घातलं. उत्तरात आलं एक कडक पत्र आणि एक पुडकं. पुडक्यात तिची सगळी पत्रं, एकाचंही सील तोडलेलं नाही. काहींवर काळं सील होतं. काळं सील म्हणजे कोणीतरी गेल्याची खबर. आपलं मूल गेलं असेल, नवरा गेला असेल, हेसुद्धा त्याने बघितलं नाही, याचं तिला सगळ्यात जास्त लागलं.

तू लिहितेस, त्याने पत्रं नाकारली. नाही. चाळीस वर्षांत मी नाकारलेली पत्रं पुष्कळ पाहिली. भाऊबंदकीतली, घटस्फोटातली, कर्जाच्या नोटिसा. पोस्टमन दारात उभा असतो, माणूस हात मागे घेतो, पोस्टमन 'घेण्यास नकार' असा शेरा मारतो आणि पत्र उलट्या पावली पाठवणाऱ्याकडे जातं. नकार तिथल्या तिथे असतो. याने दारात पत्र घेतलं. प्रत्येक वेळी घेतलं. फोडलं नाही, जाळलं नाही, चुलीत घातलं नाही. कुठल्यातरी खणात एकावर एक ठेवत गेला पाच वर्षं. काळं सील बघून ते पत्र त्याने हातात किती वेळ धरलं असेल, याचा हिशेब तुझ्या कुठल्याच पुस्तकात नसेल. मी जुलमी माणसाची बाजू घेत नाहीये, हे तिसऱ्यांदा सांगतो. पण 'नाकारली' हा शब्द बदल.

जमैकाचा भाग वाचताना मात्र मला तुझा फार अभिमान वाटला. उसाचे मळे, गुलाम, त्याच साखरेवर होप एंडचा थाट, त्याच पैशावर ते ग्रीक आणि त्या पन्नास प्रती. आणि ती हे लपवत नाही. आपण गुलाममालकांच्या घराण्यातले, शाप खरे असते तर मला भीती वाटली असती, असं रस्किन या कलासमीक्षकाला लिहिते. मग ती पळालेल्या गुलाम बाईची कविता, १८४८ साली बॉस्टनला छापलेली. धन्यांनी भ्रष्ट केलेली बाई, तिच्या मांडीवर गोरं मूल, आणि त्याचा चेहरा बघवत नाही म्हणून ती शालीत गुंडाळते त्याला. तडफडतं ते, मग थांबतं. मी ती दुपारी वाचली. आई जेवायला हाका मारत होती, मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. इंग्रजी माझं कच्चं आहे, पण श्वास थांबणं कळायला इंग्रजी लागत नाही.

त्या मानाने ते पोर्तुगीज सॉनेट्स मला जरा गोडमिट्ट वाटले, चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. सांगतोय ते खरं. मला आवडली त्याआधीची कॅटरिनाची कविता. तो पोर्तुगीज कवी कामोइंश म्हणजे आपल्या शेजारच्या गोव्यात येऊन राहिलेलाच ना? तो दूर देशी, आणि इकडे ही त्याची वाट बघत मरतेय. फार ताणत नाही. 'ऑरोरा ली' अजून अर्धीच झालीय, नऊ सर्ग म्हणजे काय चेष्टा आहे का! पण ती पोरगी वाढदिवसालाच त्या रॉम्नीला नकार देते आणि लंडनला खोली घेऊन लेखणीवर पोट भरते, ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, जेवते काय विचार. मी म्हटलं, कवितेत तसं दिलेलं नाही. आई म्हणाली, मग अपुरी आहे कविता.

इटलीत ती पंधरा वर्षं जगली. लंडनच्या डॉक्टरांनी सोडून दिलेली बाई डोंगर चढली, गाढवावर बसून फिरली, दोन वेळा गर्भ गेल्यावरही त्रेचाळिसाव्या वर्षी मुलाला जन्म दिला, इटलीच्या स्वातंत्र्यासाठी कविता लिहून स्वतःच्या देशातल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. वर्ड्‌स्वर्थ वारल्यावर तिला राजकवी करा असं छापून आलं होतं, झाला टेनिसन. हे सगळं त्या बंद खोलीच्या बाहेर पडली म्हणून. मला कळतं ते, मुक्ता. तू सांगायची गरज नाही. पण २९ जून १८६१ला गेली तीही शेवटी छातीनेच ना? पंचावन्न म्हणजे काय वय आहे? बाप आधीच, १८५७ला गेला होता, तिला माफ न करता.

तुझ्या लायब्ररीतल्या त्या कांस्याच्या हातांचा फोटो आईने बघितला. हॅरिएट हॉस्मर या शिल्पकार बाईने केलेले एलिझाबेथ-रॉबर्ट दोघांचे, एकमेकांत घेतलेले. तिचा हात केवढासा आहे! आई म्हणाली, मुक्ताचा पण असाच झालाय का बघा, व्हिडिओ कॉलवर मनगट दाखवत नाही ती.

आता कामाचं. दवाखान्याचं बिल इन्शुरन्समध्ये कितपत बसलं ते आकड्यात कळव, लाजू नकोस, एफडी आहे ती यासाठीच आहे. पंप दोन ठेव, एक बॅगेत, एक उशाशी, आणि उशाजवळच्याची तारीख बघ. त्या झाडांचा हंगाम संपेपर्यंत खिडकी बंद ठेवलीस तर बरं.

बघ, मीच लिहिलं. तुझ्या डॉक्टरांना विचार आणि ते म्हणतील तसं कर.

आईचा आशीर्वाद. नंदूशी भांडू नकोस, त्याने सांगितलं ते बरं केलं.

तुझा,
बाबा

ता. क. पान १४वर आल्फ्रेडच्या लग्नाचं साल १८५० पडलंय. ते हेन्रिएटाचं, आल्फ्रेडचं १८५५. गाईडकडे जायच्या आधी दुरुस्त कर. आणि रात्री फोन सायलेंटवर टाकत जाऊ नकोस.